फोन ‘अप टु डेट’ दाखवतो, म्हणजे नक्की काय?

गाभा (धागालेखक)

‘युअर सिस्टम इज अप टु डेट’ या वाक्यावर लोक फार लवकर विश्वास ठेवतात. त्याचा अर्थ एवढाच की या मॉडेलसाठी, या प्रदेशासाठी सर्व्हरवर आत्ता नवीन काही ठेवलेलं नाही. कंपनीने दोन वर्षांपूर्वी त्या मॉडेलकडे पाठ फिरवली असेल, तरी फोन हेच वाक्य त्याच हिरव्या खुणेसह दाखवतो. म्हणून ते वाक्य सोडा आणि तारखा बघा.

अँड्रॉइडवर ‘अपडेट’ ही एक गोष्ट नसून थर आहेत. सेटिंग्ज → अबाउट फोन → अँड्रॉइड व्हर्जन इथे टिचकी मारली की तीन नोंदी दिसतात.

पहिली म्हणजे व्हर्जन: १३, १४, १५, १६. चर्चा हिची जास्त होते, पण सुरक्षेच्या दृष्टीने तिघींत ही सर्वांत कमी महत्त्वाची.

दुसरी, सिक्युरिटी पॅच लेव्हल. खरी नोंद हीच. २०१५ च्या जुलैमध्ये स्टेजफ्राइट हा दोष उघड झाला. नुसत्या एमएमएसमधून फोनमध्ये घुसता येत होतं. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगलने दर महिन्याला दुरुस्त्यांचं पत्रक काढायला सुरुवात केली आणि ही तारीख फोनवर दिसू लागली. तारखेच्या शेवटी ०१ किंवा ०५ असतो, तो योगायोग नव्हे. ०१ म्हणजे अँड्रॉइडच्या स्वतःच्या भागातल्या त्या महिन्याच्या दुरुस्त्या. ०५ म्हणजे त्या सगळ्या, शिवाय कर्नल (प्रणालीचा सर्वांत आतला भाग) आणि क्वालकॉम, मीडियाटेक, आर्म अशा चिपवाल्यांच्या घटकांच्या दुरुस्त्या. दोन्हींत आधीच्या सगळ्या महिन्यांच्या दुरुस्त्या गृहीत असतात, त्यामुळे मधले दोन महिने चुकले तरी शेवटचं एक अपडेट पुरतं.

तिसरी, गूगल प्ले सिस्टम अपडेट. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, प्रणालीचे काही तुकडे (गाणी-व्हिडिओ उलगडणारे मीडिया कोडेक, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारं डीएनएस, वायफायचे भाग वगैरे) फोनच्या कंपनीला न विचारता थेट गूगलकडून बदलता येतात. तिची तारीख वेगळी चालते.

याखेरीज प्ले स्टोअरमधून येणारा ‘अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू’ आहे. ॲपच्या आत जी वेबपानं उघडतात ती यावर चालतात. हा अँड्रॉइड ५ पासून सुटा अपडेट होतो. क्रोम अपडेट केलं आणि हा राहिला, असं अनेकांकडे असतं.

आयफोनवर प्रकरण सोपं आहे. कर्नलपासून सफारीपर्यंत एकच गठ्ठा येतो. सेटिंग्ज → जनरल → अबाउटमध्ये दिसणारा आकडा म्हणजे सगळं.

इथे नेमकी माहिती गोळा करू. ‘अपडेटनंतर फोन बिघडला’ एवढंच लिहून निघून जाऊ नका ही विनंती. कोणता थर, कोणती तारीख, कोणता संदेश, ते लिहा.

प्रश्नचिन्ह

चांगला धागा. एक शंका. सिक्युरिटी पॅच गेल्या महिन्याचा, पण प्ले सिस्टम अपडेट वर्षभर जुनं, अशी जोडी बऱ्याच फोनांवर दिसते. हे कसं काय? आणि त्यावर बोट दाबलं की ‘अपडेट उपलब्ध नाही’ असंही येतं.

उलटसुलट

हे अपडेट उतरतं पार्श्वभूमीत, पण लागू होतं फक्त रीस्टार्ट केल्यावर. जे लोक महिनोन्‌महिने फोन बंद करत नाहीत, त्यांच्याकडे ते उतरून नुसतं पडून राहतं. म्हणून आधी साधा रीस्टार्ट. मग सेटिंग्ज → सिक्युरिटी अँड प्रायव्हसी → सिस्टम अँड अपडेट्स → गूगल प्ले सिस्टम अपडेट. जुन्या मांडणीत हेच अबाउट फोनखाली सापडेल. उतरलं की पुन्हा रीस्टार्ट. जुनं बरंच साठलं असेल तर हा खेळ दोन-तीनदा करावा लागतो. एका फेरीत सगळं येतंच असं नाही.

तरी तारीख हलली नाही तर दोन शक्यता. एक, नवा तुकडा लागल्यावर फोन वारंवार कोसळला तर प्रणाली स्वतःहून जुन्या तुकड्यावर परत जाते. दुसरी, फोन मुळात अँड्रॉइड ९ वर विकला गेला आणि नंतर १० वर चढवला असेल, तर त्यात बदलता येणारे तुकडे कमीच असतात. अशा वेळी डोकं फोडून उपयोग नाही.

किल्लीवाला

गाभा यांनी ०१ आणि ०५ छान समजावलंय. एक पुरवणी. पॅचची तारीख दोन महिने मागे दिसली म्हणून लगेच घाबरू नका. स्वस्त मॉडेलांना बहुतेक कंपन्या दर महिन्याऐवजी तीन महिन्यांनी, आणि वय झाल्यावर सहा महिन्यांनी पॅच देतात. कंपनीच्या सुरक्षा-पानावर ‘मासिक’, ‘त्रैमासिक’ अशी मॉडेलांची यादी असते. आपलं मॉडेल कोणत्या रकान्यात आहे ते एकदा बघून ठेवा. यादीतून नाव गायब झालं असेल तर समजून जा.

आणि आता गूगलही दुरुस्त्या सरसकट दरमहा वाटण्याऐवजी तातडीच्या लगेच आणि बाकीच्या तिमाहीला गठ्ठ्याने, अशा वळणावर आहे. जुलै २०२५ च्या पत्रकात एकही दुरुस्ती नव्हती. तेव्हा ‘या महिन्याचा पॅच आला नाही’ ही तक्रार दर वेळी कंपनीच्या माथी मारता येणार नाही.

दमानं_घ्या

मतभेद नोंदवतो. ‘अपडेट आलं की लगेच दाबा’ असं सगळीकडे सांगतात, तो सल्ला धोक्याचा आहे. महिनाभर थांबावं, लोकांचे अनुभव वाचावेत, मग हात लावावा. २३ मार्च २०२१ च्या सुमारास वेबव्ह्यूचं एक अपडेट आलं आणि जगभर जीमेलसकट अनेक ॲप उघडताक्षणी बंद पडू लागली. ॲपलनेही जुलै २०२३ मध्ये १६.५.१ (अ) ही तातडीची दुरुस्ती सोडली आणि लगेच थांबवली, कारण सफारी वेबसाइटना स्वतःची ओळख सांगताना व्हर्जनमध्ये कंस घालू लागला आणि काही मोठ्या साइट त्याला ओळखेनात. दोन्ही ठिकाणी घाई करणारेच अडकले.

गाभा

उदाहरणं खरी आहेत, पण ती तुमच्याच विरोधात जातात. वेबव्ह्यूचा घोळ एका दिवसात निस्तरला. ॲपलची सुधारित दुरुस्ती काही दिवसांत आली, आणि त्या प्रकारची दुरुस्ती सेटिंग्जमधून काढूनही टाकता येते. महिनाभर थांबण्याचं कारण यात कुठे आहे?

थांबण्यात खरी गोम वेगळी आहे. पत्रक निघेपर्यंत दोष मोजक्या लोकांना माहीत असतो. पत्रक निघालं, दुरुस्तीचा कोड बाहेर आला, की जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून भोक नेमकं कुठे होतं हे कुणीही हुडकू शकतो. म्हणजे दुरुस्ती जाहीर झाल्यावर न लावलेला फोन आधीपेक्षा जास्त उघडा पडतो.

माझी वाटणी अशी. फक्त सुरक्षेचा पॅच असेल तर दोन-तीन दिवसांत. पत्रकात ‘मर्यादित, लक्ष्य ठरवून केलेला गैरवापर होत असण्याची चिन्हं’ अशा अर्थाचं वाक्य असेल किंवा ॲपलच्या टिपेत ‘याचा गैरवापर झाल्याचं कळलं आहे’ असं असेल, तर त्याच दिवशी. अख्खं व्हर्जन बदलत असेल, १५ वरून १६ वगैरे, तर खुशाल पहिली किरकोळ दुरुस्ती येईपर्यंत थांबा, मात्र तोवर जुन्या व्हर्जनचे पॅच मिळताहेत ना हे बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत नवं व्हर्जन आलं की जुन्याचे पॅच बंद होतात आणि पुढची दुरुस्ती हवी तर वर चढावंच लागतं.

दमानं_घ्या

व्हर्जन आणि पॅच वेगळे धरले तर मान्य. पॅचला आठवडा, व्हर्जनला महिना, इथवर खाली येतो. त्याच दिवशी मात्र नाही!

अर्धवट_चार्ज

अपडेटपूर्वीची तयारी कुणी लिहिली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

जागा. मासिक पॅच साधारण १०० ते ५०० एमबीचा असतो, व्हर्जन बदलणारं अपडेट २ ते ५ जीबीचं. पण उतरवण्याइतकीच जागा पुरत नाही. अँड्रॉइड ११ पासून बहुतेक फोन ‘व्हर्च्युअल ए/बी’ पद्धत वापरतात. नवी प्रणाली आधी तुमच्याच मोकळ्या जागेत तात्पुरती लिहिली जाते, रीस्टार्टनंतर मूळ जागी मुरते आणि मग ती जागा परत मिळते. म्हणून मोठ्या अपडेटला ८ ते १० जीबी मोकळे ठेवा. नेहमीच्या वापरालाही स्टोरेज ९० टक्क्यांवर भरलेलं वाईटच, फ्लॅश मेमरीला हातपाय हलवायला जागा लागते. आयफोन जागा कमी पडली तर काही ॲप तात्पुरती काढून नंतर परत बसवायची तयारी दाखवतो, ते करू द्यायला हरकत नाही.

बॅटरी. आयफोनला ५० टक्के किंवा चार्जर लागतो. अँड्रॉइडमध्ये मर्यादा कंपनीगणिक बदलते. ५० च्या वर ठेवून चार्जर लावलात की प्रश्नच नाही. जुन्या, फुगीर किंवा ३० टक्क्यांवर अचानक बंद पडणाऱ्या बॅटरीवर मोठं अपडेट करूच नका. आधी बॅटरी बदला. लिहिणं चालू असताना वीज जाणं, हे फोन मरण्याचं सर्वांत साधं कारण आहे.

बॅकअप. इथे गफलत होते. गूगल खात्याच्या बॅकअपमध्ये एसएमएस, कॉलची यादी, सेटिंग्ज आणि ॲपचा डेटा जातो, पण ॲपच्या डेटाला प्रत्येकी २५ एमबीची मर्यादा आहे आणि ॲप बनवणाऱ्याने नको म्हटलं असेल तर तेवढाही जात नाही. फोटोंचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो. व्हॉट्सॲपचा त्याहून वेगळा, तो ॲपच्या आतून. डाउनलोड्स फोल्डर त्यात जातोच असं नाही, ते हाताने उतरवा. आयक्लाउडला फुकट जागा ५ जीबीच, त्यामुळे ‘बॅकअप चालू आहे’ असं वाटत असतानाच तो महिनोन्‌महिने अडकलेला असू शकतो. शेवटच्या बॅकअपची तारीख वाचा. आयफोनचा बॅकअप संगणकावर घेणार असाल तर ‘एन्क्रिप्ट लोकल बॅकअप’वर खूण करा. खूण नसेल तर साठवलेले पासवर्ड आणि आरोग्याची नोंद त्यात येत नाही. खूण करताना ठरवलेला सांकेतिक शब्द विसरलात तर मात्र बॅकअप गेला.

संकेतांक देणारी ॲप. ऑथेंटिकेटरमधले सहा आकडी कोड दुसऱ्या फोनवर किंवा खात्याशी जोडून ठेवा, आणि प्रत्येक सेवेचे ‘रिकव्हरी कोड’ कागदावर. अपडेट नीट झालं तर यातलं काही लागत नाही. फसलं आणि फोन पुसावा लागला, तर यावाचून बँकेपासून ईमेलपर्यंत सगळीकडे दार बंद. शिवाय गूगल किंवा ॲपल खात्याचा पासवर्ड पाठ हवा, कारण पुसलेला फोन सुरू होताना तोच मागतो.

प्रश्नचिन्ह

‘ए/बी’ म्हणजे काय ते दोन ओळींत सांगाल का? आणि रीस्टार्ट झाल्यावर पुन्हा जुनंच व्हर्जन दिसतं, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

उलटसुलट

आहे, थेट संबंध आहे. ए/बी पद्धत अँड्रॉइड ७ सोबत २०१६ मध्ये आली. प्रणालीच्या दोन प्रती ठेवायच्या. तुम्ही ‘ए’वर काम करत असता, नवीन प्रणाली ‘बी’वर लिहिली जाते, रीस्टार्टला फोन ‘बी’वरून उठतो. म्हणूनच अशा फोनांना अपडेटसाठी अर्धा तास बंद राहावं लागत नाही. नव्या प्रतीवरून ठरावीक वेळा उठायचा प्रयत्न फसला तर बूटलोडर (फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) गुपचूप जुन्या प्रतीवर परततो. तुम्हाला दिसतं काय, तर ‘अपडेट झालं, पण व्हर्जन तेच’. फोनने स्वतःला वाचवलं असा त्याचा अर्थ. पुन्हा एकदा प्रयत्न करा. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर पूर्ण पॅकेज लावावं लागेल, ते खाली कुणीतरी लिहीलच.

सगळ्यांकडे हे नाही. सॅमसंगने ही पद्धत बरीच उशिरा, २०२४ च्या गॅलेक्सी ए५५ पासून घेतली. त्याआधीच्या गॅलेक्सी फोनांत अपडेट एकाच प्रतीवर लिहिलं जातं. तिथे निळ्या पडद्यावर टक्केवारी सरकत असताना बटणं दाबायची नाहीत.

नेमका_बिंदू

मी लिहितो. फसण्याचे प्रकार, वारंवार दिसतात त्या क्रमाने.

डाउनलोडच पुरं होत नाही. व्हीपीएन आणि ‘प्रायव्हेट डीएनएस’ बंद करा. जाहिराती अडवणारी डीएनएस सेवा अनेकदा अपडेटचा सर्व्हरही अडवते. फोनची तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. घड्याळ चुकलं तर सर्व्हरचं प्रमाणपत्र फोनला खोटं वाटतं आणि जोडणीच होत नाही. आयफोनवर अर्धवट उतरलेलं अपडेट सेटिंग्ज → जनरल → आयफोन स्टोरेजमध्ये ॲपसारखं यादीत दिसतं. ते तिथून ‘डिलीट अपडेट’ करून नव्याने उतरवा.

उतरलं, पण ‘इन्स्टॉलेशन प्रॉब्लेम’. मासिक पॅच बहुधा ‘इन्क्रिमेंटल’ असतो, म्हणजे त्यात फक्त फरक असतो. फोनवरची मूळ फाइल एका बिटानेही वेगळी असली तर तो फरक बसत नाही. रूट केलेले, प्रणालीत हात घातलेले फोन इथेच अडतात. उपाय पूर्ण पॅकेजचा. त्यात मूळ फाइलींची गरज नसते.

पूर्ण पॅकेज हाताने लावायचं ते असं. पिक्सेलसाठी गूगल प्रत्येक मॉडेलची ‘फुल ओटीए’ (म्हणजे अख्ख्या अपडेटची) फाइल जाहीर करतं. मॉडेलचं सांकेतिक नाव जुळवून तीच उतरवा आणि पानावर दिलेली लांबलचक चेकसमची ओळ (फाइल जशीच्या तशी उतरली का ते कळायची खूण) संगणकावर पडताळा. फोन बंद करून पॉवर आणि आवाज कमी, ही दोन बटणं दाबून बूटलोडर उघडा, ‘रिकव्हरी मोड’ (दुरुस्तीसाठीची वेगळी छोटी प्रणाली) निवडा. आडवा पडलेला रोबो आणि ‘नो कमांड’ दिसलं की घाबरू नका. पॉवर धरून ठेवून आवाज वाढवायचं बटण एकदा दाबा, यादी येईल. ‘अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी’ (एडीबी म्हणजे संगणकावरून केबलने फोनला आज्ञा द्यायचं साधन) निवडा, केबल जोडा आणि संगणकावर एडीबी, मग साइडलोड, मग फाइलचं नाव, अशी आज्ञा द्या. संगणकावरची टक्केवारी ४७ च्या आसपास बराच वेळ थबकते किंवा तिथेच संपल्यासारखी वाटते. खरं काम फोनवर चालू असतं. फोनच्या पडद्यावर यश किंवा अपयश उमटेपर्यंत केबलला हात लावू नका. या रीतीने डेटा जात नाही. त्याच पानावर जवळच ‘फॅक्टरी इमेज’ असतात, त्या वेगळ्या. त्या लावल्या तर फोन पुसला जातो.

फोन लोगोवरच फिरत राहतो. पहिल्या खेपेला १५-२० मिनिटं थांबा. मग सक्तीचा रीस्टार्ट. तरी नाही उठला तर सेफ मोड, म्हणजे बाहेरची सगळी ॲप बंद ठेवून. सेफ मोडमध्ये उठला तर गुन्हेगार एखादं ॲप आहे. बहुधा लाँचर, थीम किंवा पडद्यावर चढून बसणारं काहीतरी. तेही जमलं नाही तर रिकव्हरी. सॅमसंगच्या नव्या फोनांत रिकव्हरी उघडायला केबलने संगणक जोडलेला असावा लागतो, नाहीतर बटणं दाबून बोटं दुखतील. तिथे ‘वाइप कॅश पार्टिशन’ आणि ‘रिपेअर ॲप्स’ या दोन निरुपद्रवी गोष्टी आधी करून बघा. ‘वाइप डेटा / फॅक्टरी रीसेट’ची ओळ कॅशच्या अगदी शेजारी आहे. यादीत आवाजाच्या बटणाने सरकायचं असतं आणि एक दाब जास्त-कमी झाला की सगळं साफ. निवडलेली ओळ दोनदा वाचा. ए/बी फोनांत कॅशचं वेगळं पार्टिशन बहुधा नसतंच, तेव्हा तो पर्याय दिसला नाही म्हणून शोधत बसू नका.

आयफोन केबलच्या चित्रावर अडकला तर: संगणक जोडा, आवाज वाढवा दाबून सोडा, आवाज कमी दाबून सोडा, मग बाजूचं बटण रिकव्हरीचा पडदा येईपर्यंत धरून ठेवा. ही रीत आयफोन ८ पासून पुढे. सफरचंद दिसताच बटण सोडलं तर नेहमीसारखा सुरू व्हायचा प्रयत्न करेल आणि पुन्हा पहिल्यापासून. संगणक ‘अपडेट’ की ‘रिस्टोअर’ विचारेल. अपडेट निवडा. त्यात डेटा राहतो, रिस्टोअरमध्ये जातो. फाइल उतरायला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागली तर फोन त्या मोडमधून आपोआप बाहेर पडतो. तो दोष नाही. डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि बटणांचा क्रम पुन्हा करा.

तळटीप

ही पोस्ट धाग्याच्या वर चिकटवून ठेवा कुणीतरी. +१

अपडेटनंतर बॅटरी भराभर उतरणं आणि फोन तापणं, ही तक्रार इथे येणारच, म्हणून आधीच. प्रणाली बदलली की ॲपचा कोड नव्या प्रणालीसाठी पुन्हा तयार करावा लागतो. अँड्रॉइड ५-६ च्या काळी फोन ‘ऑप्टिमायझिंग ॲप्स’ म्हणत ताटकळत ठेवायचा. आता तेच काम फोन स्वस्थ पडलेला आणि चार्जरला असताना पार्श्वभूमीत चालतं. शिवाय फोटोंची शोधयादी नव्याने बनते, ॲप अपडेट होतात. दोन-तीन रात्री चार्जरला लावून ठेवा. तीन दिवसांनीही तसंच असेल तर बॅटरी युसेजमध्ये कोण वर आहे ते बघा, त्या ॲपची कॅश साफ करा, नाही जमलं तर काढून परत टाका. पहिल्याच दिवशी फॅक्टरी रीसेट मारला तर हेच सगळं काम फोनला पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

प्रश्नचिन्ह

नवं व्हर्जन नाहीच आवडलं तर मागे जाता येतं का?

किल्लीवाला

बहुतेक वेळा नाही, आणि यामागे विचार आहे. मागे जाता आलं तर चोरही फोनला भोक असलेल्या जुन्या प्रणालीवर नेऊन आत शिरेल. म्हणून फोनच्या चिपमध्ये एक आकडा पुढेच सरकतो, त्याखालची प्रणाली फोन सुरूच करत नाही. पिक्सेल ६ मालिकेला ऑगस्ट २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ देताना हेच झालं. एकदा १३ वर गेलं की १२ चं दार बंद.

सॅमसंगमध्ये हा आकडा उघड दिसतो. बेसबँड किंवा बिल्ड नंबरची शेवटची पाच अक्षरं घ्या. त्यांतलं पहिलं अक्षर म्हणजे बूटलोडरची पायरी. तुमच्या फोनवर ३ असेल तर २ असलेली फाइल बसणार नाही. दुसरं अक्षर व्हर्जनचं, तिसरं वर्षाचं (यू म्हणजे २०२१, व्ही २०२२, डब्ल्यू २०२३, एक्स २०२४, वाय २०२५), चौथं महिन्याचं, ए जानेवारी ते एल डिसेंबर. शेवटचं त्या महिन्यातली कितवी प्रत ते सांगतं. एवढं कळलं की फाइलच्या नावावरूनच सगळी कुंडली मांडता येते.

ॲपल प्रत्येक स्थापनेला सर्व्हरवरून सही देतं. नवी प्रत आल्यावर जुनीची सही साधारण आठवडा-दोन आठवड्यांत थांबते. त्यानंतर फाइल हाताशी असूनही उपयोग शून्य. बीटा, म्हणजे चाचणीची प्रत, लावणाऱ्यांनी तर दुप्पट जपावं. बीटातून लगेच बाहेर पडायचं तर फोन पुसावा लागतो, आणि बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या स्थिर प्रतीवर चढत नाही. बीटापूर्वीचा बॅकअप संगणकावर ‘आर्काइव्ह’ करून ठेवा.

दमानं_घ्या

म्हणूनच म्हणत होतो, दमानं घ्या. :)

गाभा

आता ज्यांचा पाठिंबा संपला त्या फोनांबद्दल.

मुदत मोजायची ती मॉडेल बाजारात आल्यापासून, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये सात वर्षांच्या वायद्यासह आला, म्हणजे ऑक्टोबर २०३०. तो तुम्ही २०२६ मध्ये घेतला तर तुमच्या वाट्याला चारच. गॅलेक्सी एस२४ लाही सात वर्षांचा वायदा आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून ही मुदत विक्रीच्या वेळी जाहीर करणं सक्तीचं झालं. युरोपीय संघाचा नियम २० जून २०२५ पासून लागू आहे, त्यात तर त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून पुढे किमान पाच वर्षं अपडेट द्यायची अट आहे.

मुदत संपली की फोन त्या दिवशी बंद पडत नाही, हळूहळू तुटत जातो. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांत लेट्स एनक्रिप्टचं (साइट खरी असल्याची प्रमाणपत्रं फुकट देणारी संस्था) नवं मूळ प्रमाणपत्र नाही. जुन्या प्रमाणपत्राच्या आधारावर चाललेली तडजोड सप्टेंबर २०२४ मध्ये संपली, आणि अशा फोनांवर असंख्य साइट ‘असुरक्षित’ म्हणून अडू लागल्या. फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रांची यादी सोबत बाळगतो, म्हणून जिथे तो चालतो तिथे ही अडचण टळते. अँड्रॉइड १४ पासून ही यादीच प्ले सिस्टम अपडेटमधून बदलता येते, हा शहाणपणा उशिरा का होईना सुचला.

आयफोन ५ चं उदाहरण तर मासलेवाईक. ३ नोव्हेंबर २०१९ पूर्वी आयओएस १०.३.४ लावलं नाही तर जीपीएसच्या आठवड्यांची मोजणी शून्यावर येणार होती. तसं झालं की तारीख चुकते, आणि तारीख चुकली की ॲप स्टोअर, ईमेल, ब्राउझर सगळं अडतं. मुदत चुकवलेल्यांना हवेतून, म्हणजे केबलशिवाय, अपडेट घेताच येईना, संगणकाला जोडावं लागलं. याच्या उलट आयफोन ५एस: २०१३ चा फोन, आणि त्याला जानेवारी २०२३ मध्ये १२.५.७ ही सुरक्षेची दुरुस्ती मिळाली. तेव्हा जुना आयफोन कपाटात असला तरी वर्षातून एकदा चार्ज करून ‘सॉफ्टवेअर अपडेट’ बघायला हरकत नाही.

उलटसुलट

लिनिएजओएसचा (स्वयंसेवकांनी बनवलेली, अँड्रॉइडवर आधारलेली प्रणाली) पर्याय राहिला. मॉडेल त्यांच्या यादीत असेल तर जुन्या फोनला नवे पॅच मिळतात हे खरं, पण तीन गोष्टी आधी कळू द्या. बूटलोडरचं कुलूप काढताना (‘अनलॉक’ करताना) फोन पुसला जातो. बँकेची आणि पैसे देण्याघेण्याची काही ॲप ‘प्ले इंटिग्रिटी’च्या तपासणीत (फोनच्या प्रणालीत फेरफार नाही ना, हे पाहणारी गूगलची सोय) नापास झाल्यामुळे चालत नाहीत. आणि तिसरी, जी लोक विसरतात: मोडेम, ग्राफिक्स चिप यांचं बंद फर्मवेअर मूळ कंपनीकडूनच येतं. ते थांबलं की थांबलं. वरची पॅच-तारीख ताजी दिसते, पण सेटिंग्जमधल्या ‘ट्रस्ट’ भागात ‘व्हेंडर सिक्युरिटी पॅच लेव्हल’ वेगळी लिहिलेली असते, ती वर्षानुवर्षं तीच. गाणी ऐकायला, नकाशा बघायला, वाचायला असा फोन उत्तम. व्यवहाराला नको.

नेमका_बिंदू

ब्राउझरमध्ये अचानक ‘तुमचा फोन जुना झाला आहे, अपडेट करा’ असं उघडलं, किंवा मेसेजमधून लिंक आली, तर ते शंभर टक्के खोटं. प्रणालीचं अपडेट फक्त सेटिंग्जमधून येतं. एपीके (अँड्रॉइड ॲपची) फाइल उतरवून अँड्रॉइडचं व्हर्जन बदलत नाही, बदलू शकतच नाही. तशी फाइल बसवली असेल तर विमान मोड लावा, ती ॲप काढा. काढता येत नसेल तर आधी सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ मधली तिची परवानगी काढा, मग ती निघते. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, त्याच फोनवरून नव्हे.

प्रश्नचिन्ह

शेवटची शंका. अपडेट रात्री आपोआप व्हावं असं लावून ठेवलं, तर सकाळचा गजर वाजेल का?

अर्धवट_चार्ज

फोनसोबत आलेल्या घड्याळाचा वाजेल. अँड्रॉइड ७ पासून काही मोजकी ॲप कुलूप उघडण्याआधीही चालू शकतात आणि घड्याळ त्यांत असतं. बाहेरून टाकलेल्या गजराच्या ॲपची खात्री नाही. रीस्टार्टनंतर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत फोनमधला बहुतेक डेटा सांकेतिक लिपीत बंद असतो. म्हणून मेसेजच्या सूचना येत नाहीत आणि फोन आलाच तर नावाऐवजी नुसता नंबर दिसतो. अँड्रॉइड ११ पासून काही फोन अपडेटनंतरच्या रीस्टार्टला यातून वाट काढतात, पण त्यावर विसंबू नका.

सिमला पिन लावला असेल तर अजून एक. बरेच फोन उठल्यावर सिमचा पिन मागत तसेच बसतात आणि तोवर कॉल लागतच नाहीत. रात्री कुणाचा तातडीचा फोन यायची शक्यता असेल त्या दिवशी आपोआप रीस्टार्ट बंद ठेवा आणि दिवसा हाताने करा. आयफोनवर आपोआप व्हायचं तर वायफाय आणि चार्जर दोन्ही लागतात, आणि नवी प्रत आल्यावर तिची पाळी यायला काही आठवडेही जाऊ शकतात. घाई असेल तर सॉफ्टवेअर अपडेटच्या पानावर जाऊन स्वतः दाबा.